सारंगाच्या पिकदाणीची साक्ष

मी एक जुनी पितळी पिकदाणी आहे. नाक मुरडू नका, मित्रांनो. कुणी थुंकणारा असेल तर कुणी झेलणाराही लागतो. ब्रह्मदेशात, मंडालेच्या ओतारी आळीत माझा जन्म झाला. त्याच भट्टीतून त्याच दिवशी विहाराची एक घंटाही निघाली. तिच्या नशिबी वंदना आली, माझ्या नशिबी पिंक. दैव म्हणतात ते हेच!

लग्नाचा आहेर म्हणून मी इरावतीकाठच्या प्याय गावी उ थिट यांच्या घरी आले. उ थिट आगबोटीवर सारंग, म्हणजे खलाशांचे मुकादम, होते. पान खाण्यात त्यांचा हात धरणारा अख्ख्या काठावर कुणी नव्हता. अंगणाच्या पार टोकाहून ते माझ्यात पिंक टाकत, आणि कडेवर एक थेंब पडत नसे. पाहुणे वाहवा करत. त्यांची बायको, दॉ ओन, मला चिंचेने घासून लख्ख करी. ते माझे वैभवाचे दिवस होते.

पुढे म्हातारपणी सारंगांच्या हृदयाची झडप बिघडली. यांगूनच्या डॉक्टरांनी तिथे धातूची झडप बसवली. तिच्यावर रक्ताची गुठळी धरू नये म्हणून रक्त पातळ ठेवणारी गोळी रोज घ्यायची, आणि रक्त वेळच्या वेळी तपासून घ्यायचं, असं ठरलं. गोळी त्यांनी नेमाने घेतली. तपासणी मात्र गुडघा दुखतो या सबबीवर टळत गेली.

यंदा वर्षावास, म्हणजे भिक्खूंचा चातुर्मास, लागला तेव्हा दॉ ओनने त्यांना विहारातल्या भन्तेंसमोर बसवलं आणि वर्षावास संपेपर्यंत पान सोडल्याची प्रतिज्ञा वदवून घेतली. मी कोपऱ्यात कोरडी पडले. आणि मग एके सकाळी सारंग दात घासून माझ्यात थुंकले. लालभडक!

"अहो!" दॉ ओन कडाडली. "बुद्धासमोर हात जोडून शपथ घेतली होतीत ना?"

"मग? पाळतोय की!"

"मग हे काय? डाळिंबाचा रस?"

"मला काय ठाऊक! पान खाल्लं असेल तर पुढच्या जन्मी बेडूक होईन!"

"बेडूकसुद्धा तुमच्यापेक्षा बरा. डराव म्हणजे डरावच म्हणतो."

तिने उशी उसवली, लुंगीच्या गाठी सोडून पाहिल्या, तांदळाच्या रांजणात कोपरापर्यंत हात घातला. पान काही सापडलं नाही. पण सारंगांना तिने मा प्यूच्या पानाच्या टपरीवर उभं असलेलं पाहिलं होतं.

"गुडघ्याची पुडी आणायला गेलो होतो," सारंग म्हणाले.

"पानवालीकडे गुडघा नेता?"

खरं तर ते खरंच बोलत होते. मा प्यू पानांबरोबर दुखण्यावरच्या रंगीबेरंगी गोळ्यांच्या पुड्याही विकायची. पण ऐकतो कोण! चहाच्या दुकानात दोन तट पडले. एक तट म्हणे सारंग लबाड, दुसरा म्हणे लबाड, पण हुशार. मधेच त्यांच्या दंडांवर निळेजांभळे डाग उठले. दॉ ओन म्हणाली, "खोटारड्यांना झाडावरचा नाट देव चिमटे काढतो." सारंग म्हणाले, "नाट कशाला? तू आहेस की."

मित्रांनो, मला मात्र फरक कळत होता. पानाची पिंक चुन्याने चुरचुरते, तिला सुपारीचा वास असतो. ही पिंक गुळगुळीत होती आणि वाळली की काळी पडत होती. पण एवढं मोठं तोंड असून मला बोलता येत नाही, हे माझं दुःख!

शेवटी दॉ ओनने मला फडक्यात गुंडाळलं, दुसऱ्या हाताने नवऱ्याला धरलं आणि विहार गाठला. भन्तेंसमोर मला ठेवून ती म्हणाली, "हा घ्या पुरावा!"

भन्ते स्वतः तरुणपणापासून पान खाणारे. त्यांनी मला उजेडात तिरपं केलं, वास घेतला आणि विचारलं, "यात चुना कुठाय? सुपारीचा एक कण दाखवा. बाई, हे पान नाही."

"बघ! बघ!" सारंग ताडकन उठून ओरडले. "मी घसा फोडून सांगत होतो..." आणि त्यांच्या नाकातून रक्ताची धार लागली.

दॉ ओनने घाबरून त्यांची मान मागे केली.

"मागे नको, घशात उतरेल!" भन्ते म्हणाले. "बसवा, पुढे वाकवा. नाकाचा मऊ भाग चिमटीत घट्ट धरा आणि सोडू नका."

मला हनुवटीखाली धरलं. तेवढ्या वेळात भन्तेंनी एक लांबलचक सुत्त म्हटलं. ते संपल्यावर त्यांनी वाकून पाहिलं आणि म्हणाले, "सुत्त संपलं, रक्त संपेना. चला इस्पितळात!"

तिथे डॉक्टर न्वे नावाच्या तरुण बाई होत्या. नाकात बोळा भरत त्यांनी विचारलं, "कोणती औषधं घेता?"

"फक्त झडपेची गोळी."

"आणखी काही?"

"काही नाही."

"अहो, ती गुडघ्याची..." दॉ ओन पुटपुटली.

"ते औषध नाही. पुडी आहे."

"आजोबा, पुडीत काय बडीशेप असते?" डॉक्टरांनी दंडावरचे डाग पाहिले, मग हळूच विचारलं, "शौचाला काळं होतं का?"

"डांबरासारखं," सारंग ओशाळून म्हणाले. "म्हटलं, जन्मभर बोटीला फासलं ते आता बाहेर पडतंय."

रक्त तपासलं. ते गोठायलाच तयार नव्हतं. डॉक्टरांनी सांगितलं, "ही पुडी तुमच्या गोळीचा जोर वाढवते आणि पोटाला जखमही करते. हिरड्या, कातडी, नाक, पोट, सगळीकडून रक्त जातंय. ही पिंक नाही, रक्तच आहे."

त्यावर सारंगांचा चेहरा जो उजळला! नाकात बोळा, हाताला सुई, तरी बोट वर करून ते गेंगाण्या आवाजात गरजले, "ओद, ऐकलंस? रक्त आहे! पाद दाही!"

सगळा वॉर्ड हसला. दॉ ओन हसली नाही. बाहीने डोळे टिपत ती म्हणाली, "तुम्ही खोटं बोलत असता तर किती बरं झालं असतं हो!"

सारंगांनी बोट खाली घेतलं आणि तिचा हात धरला.

पुढचे काही दिवस कठीण गेले. रक्त थांबवावं तर झडपेवर गुठळी होण्याची भीती, न थांबवावं तर जिवाला धोका. डॉक्टर पुन्हापुन्हा रक्त तपासत, औषध मोजून देत. कुणी रक्तद्रव दिला, कुणी खाटेशी बसून राहिलं. हळूहळू बोळा कोरडा निघाला. गोळी पुन्हा सुरू झाली, पण थोडी आणि तपासून. पुडी कायमची बंद झाली.

वर्षावास संपला त्या दिवशी मा प्यूने स्वतः विडा आणून दिला. सारंगांनी तो आशेने तोंडाजवळ नेला.

"खा की," दॉ ओन म्हणाली. "पण उद्या लाल दिसलं, तर मी ते काय समजू?"

सारंगांनी बराच वेळ विड्याकडे पाहिलं. मग तो खाली ठेवला.

आता रोज सकाळी दात घासून झाले की दॉ ओन माझ्यात डोकावते. फेसच फेस, पांढरा. ती निश्चिंत होऊन चुलीकडे वळते.

मित्रांनो, माझी एवढीच विनवणी आहे. रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर दुसरी गोळी डॉक्टरांना विचारल्यावाचून घेऊ नका, आणि घाबरून ती रक्ताची गोळीही आपल्या मनाने सोडू नका. अंगावर उगाच डाग उठले, हिरड्या पाझरल्या, तर भांडत बसू नका, दाखवायला जा. आणि हो, थुंकायचं ते माझ्यातच थुंका. पण जाण्यापूर्वी एकदा आत डोकावून बघा.