बिशप कुणाचा?

मार्लीने काहीच केलं नव्हतं. टेगनला नेमकं तेच सहन होत नव्हतं.

काही केलं असतं तर निदान भांडता आलं असतं. पण मार्ली परसातल्या हिरवळीवर नुसती उताणी पडली होती, हात पसरून, डोळे मिटून, एका पायात शाळेचा मोजा आणि दुसरा पाय उघडा. आणि तिच्या शेजारी, हातभर अंतरावर, बिशप पडला होता. तोही पंख पसरून, चोच वासून, उन्हात. दोघं जणू एकाच लग्नात आडवा हात मारून आली होती.

बिशप म्हणजे त्यांच्या परसातला मॅगपाय पक्षी. कावळ्याएवढा, अंगात काळा झगा आणि मानेवर इतका पांढराशुभ्र पट्टा की नॅनने, म्हणजे आजीने, बघताक्षणी त्याला बिशप करून टाकलं. त्याच्या बायकोची मान जराशी करडी, ती अर्थातच बिशपीणबाई. दोघांचं बिऱ्हाड कुंपणाजवळच्या म्हाताऱ्या निलगिरीवर.

आणि बिशप टेगनचा होता. अख्ख्या गल्लीला ठाऊक होतं. टेगनची आई सिडनीला निघून गेली त्या वर्षी तो पहिल्यांदा मागच्या पायरीवर आला आणि त्याने लहानग्या टेगनच्या बुटाची नाडी ओढली. तेव्हापासून दर वसंतात एक सोहळा ठरलेला. पिल्लू घरट्याबाहेर पडून धड चालायला लागलं की बिशप त्याला दटावत, हाकत टेगनच्या पायाशी आणून सोडायचा आणि स्वतः किडे शोधायला पसार व्हायचा. तो परत येईपर्यंत टेगनने हलायचं नाही. पिल्लू तिच्या बुटांना टोचे मारत भोकाड पसरायचं. पलीकडचे म्हातारे नेव्हिल कुंपणावर कोपरं टेकून दरवर्षी तेच विचारायचे, "काय आत्याबाई, भाचरू सांभाळायची पाळी आली वाटतं?" आणि दरवर्षी टेगनच्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

मग यंदा थंडी संपता संपता मार्ली आली. डॅडच्या बहिणीची मुलगी, टेगनच्याच वयाची. तिच्या आईला लांब पश्चिमेकडे खाणीत काम मिळालं होतं, तिथे पोरीला नेण्याची सोय नव्हती. म्हणून एक बॅग, एक भलीमोठी टोपी आणि एक पिवळाधमक रेनकोट घेऊन मार्ली वर्षभरासाठी यांच्याकडे. टेगनने अर्धं कपाट दिलं. खिडकीजवळचा पलंग दिला. सोफ्यावरची नॅनशेजारची जागासुद्धा दिली, जराशी धुसफुसत. पण बिशप? बिशप काय कपाटाचा खण होता?

"नॅन, हा मेला की काय बघ जरा," जाळीच्या दारातून बाहेर बघत टेगन म्हणाली.

नॅन हात पुसत आली. "मेला कसला! ऊन खातोय. पक्का भरवसा असल्याशिवाय असे नाही पसरत हे. तुझ्याशेजारी पडला होता का गं कधी?"

"मी अशी म्हशीसारखी लोळतच नाही."

"तेच तर! तू सारखी त्याच्या मागे. हे खा, इकडे बघ, मान वळव, फोटो काढू दे. त्यालाही कधी सुट्टी हवी असेल की."

टेगनच्या अंगाचा तिळपापड झाला. दर शनिवारी कुजलेल्या खतात हात घालून, गोऱ्यापान गलेलठ्ठ हुमणीच्या अळ्या शोधून त्याला कोण द्यायचं? टेगन. उन्हाळ्यात त्याच्या आंघोळीचं पसरट भांडं घासून भरायचं कुणी? टेगनने. आणि मार्लीने दिलं काय त्याला? उघड्या पायाचा वास!

आणि तेवढ्यात बिशप उठला, पिसं झटकली आणि गायला लागला. सकाळी छपरावर बसून सगळ्या गावाला उठवतो तसं नाही. हळू, गळ्यातल्या गळ्यात, पाण्याने गुळण्या करत बासरी वाजवावी तसं. मार्लीने डोळेही उघडले नाहीत. नुसती हसली.

त्या दिवसापासून टेगन मार्लीला पाण्यात पाहू लागली, आणि तेही अगदी खरोखर. भांडं घासायला वाकली की पाण्यात मागच्या झोपाळ्यावरची मार्ली उलटी दिसायची, आणि टेगन मुद्दाम घासणीने पाणी ढवळायची. मार्लीचं तोंड फुटून वाकडंतिकडं व्हायचं. पाणी निवळलं की पुन्हा जसंच्या तसं! शिवाय शेजारी बिशप.

"यंदा पिल्लू कुणाकडे येणार बघू," एका संध्याकाळी सॉसेज भाजता भाजता डॅड म्हणाला. डॅड दुधाचा टँकर चालवायचा आणि घरी आला की कुठेही काडी टाकायचा. "मार्ली, तुझं पारडं जड दिसतंय."

"माझं कसलं?" मार्ली म्हणाली. "मी पाहुणी."

पाहुणी म्हणे! टेगनने टोमॅटो सॉसची बाटली इतकी जोरात दाबली की अर्धा सॉस डॅडच्या शर्टावर गेला.

निलगिरीवरून पिल्लाची रड ऐकू यायला लागली होती. म्हणजे फार वेळ उरला नव्हता. पिल्लू मार्लीच्या पायाशी येऊन बसलं तर? नेव्हिल कुंपणावर कोपरं टेकून मार्लीला 'आत्याबाई' म्हणाले तर? त्या विचारासरशी टेगनने सॉसेजचा मोठा घास तोडला. आणि त्याच घासाबरोबर एक युक्तीही आली.

वसंतात मॅगपाय झडपा घालतात. पिल्लांच्या काळजीने नर वेडेपिसे होतात आणि ज्याचा संशय येईल त्याच्या डोक्यावर मागून सूं करून येतात. बिशप घरच्यांच्या वाटेला कधीच गेला नव्हता, पण पोस्टमनचा मात्र तो वैरी. गेल्या वर्षी पोस्टमन बदलला तरी बिशपने नव्यालाही सोडलं नाही. लाल हेल्मेट दिसलं की झडप! टेगनने त्यावरून सरळ हिशेब मांडला. बिशप माणसं कपड्यांवरून ओळखतो.

रविवारी नॅन चर्चला गेली, डॅड गॅरेजमध्ये टायरशी झटत होता, मार्ली फोनवर आईशी बोलायला कुठेतरी गेली होती. टेगनने खुंटीवरचा पिवळा रेनकोट चढवला, ती भलीमोठी टोपी भुवयांपर्यंत ओढली, हातात झाडू घेतला आणि मार्लीसारखे पाय घासत निलगिरीखाली गेली.

"हाड्! हुश्श! उतर खाली, बघतेच तुला!" तिने झाडू नाचवला, बुंध्यावर दणके घातले, पानांचा कचरा वर उधळला. ओरडायला मान वर करावीच लागली. पिल्लू घाबरून गप्प झालं. बिशपीणबाई पंख फुलवून घरट्यावर बसली. आणि बिशप खालच्या फांदीवर आला. त्याने आधी एका डोळ्याने टेगनकडे पाहिलं. मग मान वळवून दुसऱ्या डोळ्याने. अगदी सावकाश.

टेगन घाईने घरात आली. तिने रेनकोट झटकून खुंटीला लावला, टोपी जागेवर ठेवली आणि सोमवारची वाट बघत बसली.

सोमवारी दोघी शाळेच्या बससाठी निघाल्या. टेगन मुद्दाम चार पावलं मागे राहिली, तमाशा नीट दिसावा म्हणून. मार्ली पुढे, टोपी घालून, पाय घासत. निलगिरीवरून काळं-पांढरं काहीतरी निघालं. आलं, आलं, मार्लीच्या डोक्यावरून गेलं...

ठाक्!

टेगनच्या कानाशी चोच वाजली. ती किंचाळून खाली बसली. उठली तर पुन्हा ठाक्! दप्तर डोक्यावर धरून ती पळत सुटली, आणि बसथांब्यावरची सगळी पोरं पोट धरून हसत होती.

मंगळवारी तिने केस बदलले. बुधवारी नॅनचा काळा चष्मा घातला. गुरुवारी डॅडने सायकलचं हेल्मेट दिलं, त्यावर प्लॅस्टिकच्या पट्ट्या साळिंदराच्या काट्यांसारख्या उभ्या केलेल्या. पुढच्या आठवड्यात शेवटी आइस्क्रीमचा रिकामा डबा डोक्यावर आला, मागून येणाऱ्या पाखराला आपण दिसतोय असं वाटावं म्हणून मागच्या बाजूला मोठे डोळे काढलेले. गावातली पोरं तेच घालून फिरायची, पण टेगनने कधी घातला नव्हता. बिशपच्या आत्याला डबा कशाला लागतो? बिशपला ना चष्म्याने फसवलं ना डब्याने. थांब्यावर एवढी पोरं उभी असायची, तो बरोब्बर टेगनला निवडून काढायचा.

"कपड्यांवर नाही गं जात तो," नॅन म्हणाली. "तोंड बघतो, तोंड!"

"आणि उगाच कुणाच्या वाटेला जात नाही," डॅडने भुवया वर केल्या. "काय केलंस त्याला?"

"काही नाही!"

कुंपणावरून नेव्हिलना राहवलं नाही. "माझ्या धाकट्या भावाने एकदा यांच्या घरट्यावर पाण्याचा पाइप सोडला होता. पुढे सैन्यात गेला, परत आला तो दाढी वाढवून, डोक्यावर केस नाही. गाडीतून उतरला आणि ठाक्! आमच्या आईने ओळखायच्या आधी पाखराने ओळखला."

"किती वर्षं लक्षात ठेवतात?" टेगनने डब्याखालून विचारलं.

"भाऊ मेलबर्नला राहायला गेला, म्हणून तरी सुटला."

सगळे हसले. मार्ली हसली नाही. आणि टेगनला तिचं न हसणंही झोंबलं. मोठी आली समजूतदार!

दुसऱ्या दिवशी सकाळी मार्ली फाटकाशी थांबली. "चल, माझ्या शेजारून चाल. मी असले की तो येत नाही."

"मला नको तुझे उपकार."

"मग पळ."

टेगनने निलगिरीकडे पाहिलं. बिशप फांदीवर हजर होता. ती मुकाट्याने मार्लीला चिकटून चालायला लागली. बिशपने चोच वाजवली, पण जागा सोडली नाही. स्वतःच्याच घरापासून बसथांब्यापर्यंत पाहुणीच्या आडोशाने जायचं! असं वाटलं की रस्ता फाटावा आणि आत जावं.

अर्ध्या वाटेवर मार्ली समोर बघत म्हणाली, "माझा रेनकोट तुला आखूड होतो."

टेगनचे पाय जागच्या जागी थिजले.

"धुलाईच्या खोलीत होते मी, खिडकीपाशी. आईशी बोलत होते."

"मग... सांगितलं का नाहीस कुणाला?"

"सांगून काय?" मार्लीचा आवाज एकदम चिरका झाला. "तुझा डॅड तुझ्या घरात आहे. नॅन कायमची तुझ्याजवळ आहे. भांडलीस तरी रात्री जेवायला तीच हाक मारणार. मी काय भांडू? आई फोनवर दर वेळी म्हणते, शहाण्यासारखी राहा. राहते. एक पाखरू आपणहून माझ्याशेजारी येऊन बसलं, तेवढंही तुला बघवेना? मला काय तुझा हेवा वाटत नाही? रोज वाटतो! पण मी तुझा स्वेटर घालून नॅनला झाडू नाही मारला!"

हे इतकं विचित्र होतं की टेगनला हसू फुटलं आणि त्याच वेळी डोळ्यांत पाणीही आलं. "चुकलं माझं," असं म्हणावंसं वाटलं. तोंडातून आलं मात्र भलतंच. "स्वेटर तुला ढगळ होईल."

"चालताना बोलू नकोस," मार्ली म्हणाली. "तो बघतोय."

पिल्लू आलं शनिवारी.

टेगन स्वयंपाकघरात होती. परसातून ओळखीची कर्कश रड आली आणि ती जाळीच्या दाराशी धावली. राखाडी, पिंजारलेलं, बावळट पिल्लू हिरवळीवरून धडपडत येत होतं, मागून बिशप त्याला हाकत होता. टेगनने दारावर हात ठेवला. या वेळी दरवर्षी ती पायरीवर असायची. मार्ली हिरवळीवर बसली होती.

बिशपने पिल्लाला मार्लीच्या पायाशी आणून सोडलं आणि भुर्र!

म्हणजे झालं. टेगन दाराला कपाळ टेकून बघत राहिली. जाळीचे बारीक चौकोन कपाळावर उमटले. मार्ली मात्र भेदरून गेली होती.

"टेगन! अगं टेगन! हे ओरडतंय! माझी नाडी गिळतंय! काय करू?"

खरं तर गंमत बघता आली असती.

"हलू नकोस!" टेगन ओरडली. "नाडी आत टाक बुटात! पाय गोळा करू नकोस, त्याला वाटेल तू उडणार आहेस. त्याच्याकडे टक लावून बघू नकोस गं, गवताकडे बघ. हां. आता गप्प बसेल."

पिल्लू गप्प बसलं. मार्लीच्या बुटावर चढून पिसं फुलवून बसलं. तेवढ्यात चोचीत हुमणी घेऊन बिशप व्हरांड्याच्या कठड्यावर उतरला, जाळीच्या दारासमोर. त्याने एका डोळ्याने टेगनकडे पाहिलं, मग दुसऱ्याने. भरल्या चोचीने काही वाजवता येईना, म्हणून असेल कदाचित, पण तो तसाच खाली उडी मारून पिल्लाकडे गेला.

कुंपणावर दोन कोपरं टेकली. "काय आत्याबाई," नेव्हिल मार्लीला म्हणाले, "पाळी आली वाटतं?"

आलाच तो शब्द. टेगनला वाटलं होतं त्याहून जास्त दुखलं.

"मी नवीन आहे," मार्लीने मान न वळवता सांगितलं. "मोठी आत्या आत आहे. तिला विचारून सगळं चाललंय."

टेगनने डबा डोक्यावर घातला, दार बोटभर उघडलं आणि उंबऱ्याच्या आतच फतकल मारून बसली.

"गेल्या वर्षीचं जास्त गुटगुटीत होतं," ती म्हणाली.

"हो का?"

"हो. आणि आवाजही बरा होता."