मिशांची खालची बाजू

या भागातल्या फुलपाखरांच्या नोंदी तपासणाऱ्या तपासनीस बाईंचं पत्र मोजून तीन ओळींचं होतं. दादाने दहा वर्षांपूर्वी नोंदवलेलं काळ्या टोकाचं स्किपर फुलपाखरू यादीतून वगळत आहोत. फोटो वरून काढलाय, डोक्यावरच्या मिशांच्या टोकांची खालची बाजू दिसत नाही. शनिवारपर्यंत पुरावा आला तर विचार करू.

दादा भडकला. इथे ही जात दाखवणारा तो पहिला, आणि त्या एका नोंदीवर तो दहा वर्षं ताठ मानेने वावरला होता. आता डोळ्यांनी दगा दिला होता. समोरचा माणूसही त्याला आवाजावरून कळायचा. धाकट्या बहिणीने मात्र पत्र पुन्हा एकदा वाचलं. तिची सगळी नोकरी एक्स-रे काढण्यात गेली होती. एकाच बाजूची फिल्म बघून हाड धड आहे म्हणणाऱ्या भल्याभल्या डॉक्टरांना तिने फैलावर घेतलं होतं. बाईंचं म्हणणं तिला पटत होतं, आणि तरी दादा खरा ठरावा असं तिला मनापासून वाटत होतं.

"मी आणते फोटो," ती म्हणाली.

"आणि तुझे गुडघे?"

"त्यांना कोण विचारतंय."

ही फुलपाखरं महा चपळ. वरून बघावं तर सगळी नारिंगी, एका साच्यातली. मिशांची टोकं खालून काळी असली तर दादाची जात, तपकिरी असली तर नेहमीची, एवढाच काय तो फरक, आणि तो बघायचा तर गवतात पोट टेकून समोरासमोर व्हायला हवं. तीन दिवस ती ऊन चढायच्या आत दादाने ते फुलपाखरू टिपलं होतं त्याच गवताळ उतारावर आडवी झाली. पहिल्या दिवशी शेजारच्या बागेतला माळी "पडलात का?" म्हणत धावत आला आणि फुलपाखरू उडवल्याबद्दल फुकट बोलणी खाऊन गेला. तिने हट्ट सोडला नाही. शुक्रवारपर्यंत नऊ फुलपाखरांचे स्वच्छ फोटो जमले.

घरी तिने एकेक मोठा करून पाहिला. मग पुन्हा पाहिला.

"काळी ना टोकं?" दादाने विचारलं.

हो म्हटलं असतं तर त्याला कधीच कळलं नसतं.

"तपकिरी आहेत, दादा. नऊच्या नऊ."



"ही आजची झाली," ती लगेच म्हणाली. "तुझं वेगळं असेल. तू तेव्हा खालून बघितलं होतंस?"

"नाही." मग हळूच म्हणाला, "रंग जरा गडद वाटला. मला ते तेच हवं होतं, चिमे."

तिने त्याचा हात धरला. त्याने तो थोडा वेळ धरू दिला आणि मग सोडवून घेतला.

"बाईंना लिही, नोंद मीच मागे घेतोय. आणि वरून काढलेल्या फोटोंवरच्या माझ्या बाकीच्या नोंदीही सगळ्या तपासायला काढ."

"पन्नासच्या वर असतील."

"असू देत. तू बघ आणि मला सांग. माझी मर्जी राखून सांगायचं नाही."

तिने चष्मा पुसला आणि पहिला फोटो उघडला.