तळ ठाऊक असलेला बांबू

मी एक जुना बांबू आहे. हसलात ना? हसा. बांबू म्हटलं की तुम्हाला मांडव आठवतो, नाहीतर शिडी. मित्रांनो, मी होडी रेटायचा बांबू आहे. भाईंदरच्या खाडीत जिथे पाणी उथळ, तिथे वल्ह्यांचं काही चालत नाही. मला तळाच्या चिखलात रोवायचं, अंगाचा जोर द्यायचा, की होडी पुढे सरकते. आज मी उभा चिरलेला, तारेने आवळलेला, खाडीकाठच्या मुर्धा गावात एका घराच्या पडवीत पडून आहे. हा तडा कसा गेला ते सांगतो, मग हसायचं का ते ठरवा.

माझी सुरुवातच मारझोडीने झाली. डोंगराच्या उतारावर बांबूंच्या बेटात मी सुखात वाढत होतो. एके दिवशी कोयता आला आणि दोन घावांत मी जमिनीपासून सुटलो. मग विस्तवावर धरून माझा बाक काढला, पेरं तासली, तेल पाजलं आणि खालच्या टोकाला लोखंडी टोपण ठोकलं. हे सगळं करणारा काशीनाथ, मुर्ध्याचा होडीवाला. तेव्हा मला त्याचा भयंकर राग आला होता. पण तो रोज सकाळी मला खाडीत बुडवायचा, ओलं टोक कपाळाला लावायचा आणि म्हणायचा, "आई, टोचतंय तुला, रागावू नको." वरून येणारी उल्हास नदी इथे समुद्राला भेटते, म्हणून त्याच्या लेखी ही खाडीसुद्धा आईच. चारचौघांत तो मला आपला तिसरा हात म्हणायचा. मग माझा राग कुठच्या कुठे पळाला.

दर वर्षी दिवाळीची साफसफाई झाली की नवघरहून एक गृहस्थ धक्क्यावर यायचे. त्यांचं नाव सुभाष. नोकरी संपवून मुंबईतून इकडे राहायला आलेले, मऊ बोलणारे, देवभक्त. त्यांच्या पिशवीत देवांच्या जुन्या तसबिरी असायच्या. कुठे कागदाला बुरशी, कुठे काचेला चीर.

"देवाचा फोटो आहे, कचऱ्यात कसा टाकणार?" ते म्हणायचे. "काशीनाथ, जरा मध्यावर घे ना. वाहतं पाणी पाहिजे."

मध्यावर गेलं की ते डोळे मिटून गंगा, यमुना, गोदावरी अशी सात नद्यांची नावं घ्यायचे. मग एकेक तसबीर अलगद पाण्यात सोडायचे. तो नमस्कार पाहून मलाही भरून यायचं.

पण मित्रांनो, तुम्ही पाण्याचा वरचा भाग पाहता आणि माझा संबंध तळाशी. मला माहीत होतं, काहीही वाहून जात नव्हतं. तसबिरी बुडायच्या आणि भरतीच्या पाण्याबरोबर सरकत सरकत काठच्या चिखलात येऊन रुतायच्या. माझं टोक त्यांच्यावर पडलं की काच करकर वाजायची. ती करकर माझ्या अंगातून काशीनाथच्या तळहातापर्यंत जायची. एकदा तो क्षणभर थांबलाही. मग "देवाचा हाय, आपल्याला काय," असं पुटपुटून त्याने मला पुन्हा जोराने रोवलं.

त्याची बायको चंपा ओहोटीला चिखलात उतरून निवट्या मासे धरायची आणि बाजारात विकायची. तिच्यासारखे झटपट हात मी दुसऱ्या कुणाचे पाहिले नाहीत. चिखलात चपला टिकत नाहीत, म्हणून ती अनवाणीच असायची. गेल्या साली गणपती नुकतेच गेले होते. चंपा मांडीभर चिखलात होती आणि तिने अशी किंकाळी फोडली की तिवरांतले बगळे उडाले. काशीनाथने मला पुढे केलं. तिने मला घट्ट धरलं आणि त्याने तिला ओढून बाहेर काढलं. तिच्या तळव्यातून काचेचं लांब पातं आरपार वर आलं होतं. काळ्या चिखलावरून लाल रक्त ओघळत माझ्या अंगावर आलं. काचेला तसबिरीचा कोपरा अजून चिकटलेला होता. त्यावर मगरीवर बसलेली गंगामाता होती.

ती तसबीर मी ओळखली. आदल्या दिवाळीत आमच्याच होडीतून ती गेली होती.

जखम चिघळली, पायात विष पसरलं आणि डॉक्टरांनी चंपाचं पुढचं अर्धं पाऊल कापून टाकलं. काशीनाथचं जेवण सुटलं. तो धक्क्यावर नुसता माझ्यावर टेकून उभा राहायचा आणि त्याची मूठ माझ्यावर अशी आवळलेली असायची की पेरं दुखायची.

दिवाळीला चार दिवस होते. चंपाही त्या दिवशी काठी टेकत धक्क्यावर येऊन बसली होती. तेवढ्यात सुभाष आले. हातात पिशवी, चेहऱ्यावर हसू.

"काय काशीनाथ, बरंय ना? चल, मध्यावर घे."

पहिला घाव पिशवीवर बसला. आतल्या काचांचा चुरा झाला.

"अरे, देव आहेत त्यात!" सुभाष ओरडले.

"तुमचा देव कुटं गेला, म्हाईत हाय का?" काशीनाथ गरजला. "माज्या बायकोच्या पायात!"

दुसरा घाव सुभाषांच्या खांद्यावर बसला. हाड मोडल्याचा आवाज मी पहिल्यांदाच ऐकला, आणि तो माझ्याच अंगातून आला. ते धक्क्यावर कोसळले, पडताना ओठ फुटून तोंडातून रक्त आलं. काशीनाथने मला पुन्हा डोक्यावर उचललं. या वेळी त्याची नजर सुभाषांच्या कवटीवर होती. मला थांबायचं होतं, पण बांबूला कुठे थांबता येतं?

"मारा!" चंपा किंचाळली. "फोडा त्याचा डोका! मंग आपला कोन फोडल? होडीतून मधी नेला कोनी त्याला? तुमीच ना?"

काशीनाथने मला खाली आणलं ते सुभाषांच्या डोक्याशेजारच्या दगडावर, सगळ्या ताकदीने. मी टोकापासून मधोमध चिरलो. तो तसाच गुडघ्यांवर बसला आणि हमसून हमसून रडला.

"मला वाटलं, वाहून जातं," सुभाष कण्हत म्हणाले. त्यांची नजर चंपाच्या पायावर खिळली होती.

"कुटं जातंय?" चंपा म्हणाली. "आमच्या पायाखाली येतंय."

सुभाषांची पत्नी सुचेता पोलिसांत जायला निघाली होती. सुभाषांनी तिला एवढंच सांगितलं, "आधी त्या बाईचा पाय बघून ये." ती पाहून आली आणि तक्रार करायची राहूनच गेली. काशीनाथ सुटला, असं मात्र मी म्हणणार नाही. आता तो ओहोटीला खुरपं घेऊन चिखल चाळतो आणि टोपल्या भरभरून काचा बाहेर काढतो. मला तो रोज बघतो, पण हात लावत नाही. सुभाषांचा डावा हात आता खांद्यापासून उचललाच जात नाही.

या नारळी पौर्णिमेला चंपाने मला तारेने आवळून होडीत ठेवलं होतं. चिखलात उभं राहता येत नाही, म्हणून चंपाने होडीत बसूनच खाडीला नारळ दिला. "आई, ज्यानी टाकला त्याला माफ कर," ती म्हणाली, "आन ज्यानी नेला त्यालाबी." काशीनाथने मान खाली घातली. काठावर सुभाष रिकाम्या हाताने उभे होते. त्यांनी एकाच हाताने नमस्कार केला.

खाडीने माफ केलं असेल. मला स्वतःला माफ करता येत नाही.

मित्रांनो, तुमच्याही घरी साफसफाई निघेल. कुणीतरी तसबिरी पिशवीत घालून, गाठ मारून, मोठ्या भक्तीने निघेल. त्यांना दारातच अडवा. काच वेगळी काढा, कागद भिजवून कुंडीतल्या मातीत मिसळा, आणि नदीकडे जाल तेव्हा रिकाम्या हातांनी जा. तळाशी काय आहे हे मला पहिल्या वर्षापासून ठाऊक होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.