काळी पाकळी

एमआरआयच्या पडद्यावर आकारामचा मेंदू होता आणि टाळूखाली एक काळा डाग. लोखंड ओतायच्या फौंड्रीत चक्कर येऊन पडलेल्या या माणसाला आत रक्तस्राव झाला असावा, असं डॉ. राजवर्धन नुकतेच म्हणाले होते. सोमवारी कवटी उघडायची की नाही, एवढंच ठरायचं उरलं होतं. शालूबाई नवऱ्याकडे न पाहता डॉक्टरांच्या ओठांकडे पाहत होती.

अभ्यासासाठी एमआरआयच्या जुन्या प्रतिमा न्यायला आलेली अनुजा कोपऱ्यात थबकली. विद्यापीठात ती संगणकावर असेच डाग घडवत असे: लोखंडाचा कण ठेवायचा, त्याच्याभोवती चुंबकीय क्षेत्र वाकताना पाहायचं, आणि यंत्र कुठली खोटी सावली रेखाटील ते शोधायचं. या डागाला उजळ किनार होती. ती किनार तिच्या ओळखीची होती.

"काका, डोक्याला काय लावलंय?"

"तेल हाय की!" शालूबाईच फणकारली. "फौंड्रीतल्या मारुतीच्या पायाजवळचं. आज शनवार, त्यात दवाखाना. मीच चांगलं थापलं ह्यांच्या टाळूवर."

"रंग कसा होता?"

"काळंभोर. भट्टीशेजारी उघडंच असतंय न्हवं ते!"

अनुजाने लॅपटॉप उघडला, निरोगी मेंदूच्या नमुन्यावर, केसांच्या मुळाशी, लोखंडी धुळीचा पातळ थर पसरला आणि कळ दाबली. ओळीमागून ओळ उजळत गेली: कवटी, मेंदूच्या घड्या, आणि अचानक त्या घड्यांवर उमललेली एक काळी पाकळी. तीच जागा. तीच किनार!

"सर, बघा! आत काहीच ठेवलं नाही मी. त्या तेलात असेल तशी लोखंडी धूळ फक्त बाहेर आहे, केसांत!"

डॉक्टर खुर्चीतून उठले. "पुन्हा चालव."

पाकळी पुन्हा उमलली.

"तुझ्या गणितावर मी ऑपरेशन रद्द करणार नाही," ते म्हणाले. पण आवाज उत्सुकतेने चढला होता. "डोकं साबणाने दोनदा धुवा. लगेच परत तपासू. डाग गेला, तर सोमवार विसरा."

"शनवारी डोकं धुवायचं?" शालूबाई ताडकन उभी राहिली. "तेबी देवाचं तेल? अवं, तुमी तरी बोला की! धुणार व्हय?"

आकारामने परिचारिकेच्या हातून साबण घेतला आणि नळाकडे निघून गेला.