सारवलेलं घर

सरकारी घरकुल मिळवायचं तर आपलं घर पडायला आलंय हे आधी साहेबाला दिसावं लागतं. एवढी साधी गोष्ट चांगुणाआत्याच्या डोक्यात शिरेना, आणि तिच्यापायी माझं डोकं फिरायची वेळ आली.

चांगुणाआत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. नवरा गेल्यावर ती माहेरी परत आली आणि इथंच राहिली. कोळवणच्या खोऱ्यात आमची बुद्धवस्ती आहे, तिच्या टोकाला आत्याचं कुडाचं घर. मागची भिंत फुगून बाहेर आलेली, तिला बांबूचा टेका दिलेला. मी ग्रामपंचायतीची सदस्य, त्यामुळे ग्रामसभेत तिचं नाव मीच लावून धरलं. त्याच सभेत शहरवाल्यांच्या फार्महाऊसकडे जाणारा रस्ता बोलता बोलता मंजूर झाला. आत्याच्या नावावर मात्र चहा दोनदा फिरला तरी चर्चा संपेना. एकट्या बाईला घर कशाला, असं एकाने विचारलं. तुम्हाला कशाला आहे, असं मी त्याला विचारलं, तेव्हा कुठे ठराव झाला.

मग तालुक्याहून अभियंता यायचा होता. जुन्या घरासमोर मालकिणीला उभं करून तो मोबाइलवर फोटो काढतो, फोटो वरच्या ऑफिसात जातो आणि वरचे लोक तो बघून ठरवतात. घर बघायला पुन्हा कोणी येत नाही.

मनीष नावाचा तो अभियंता आला त्याच दिवशी आम्हा सदस्यांचं प्रशिक्षण ठेवलेलं होतं. विषय होता, गरजूंपर्यंत योजना कशा पोचवाव्यात. संध्याकाळी मी घरी आले तर आत्या खुशीत वाट बघत बसलेली. तिने आदल्या दिवशी अख्खं घर सारवून काढलं होतं. पुढच्या भिंतीला चुना दिला, छपरावरचा फाटका प्लास्टिकचा कागद उतरवला, मागचा बांबू काढून गवतात लपवला. शेजारून खुर्च्या आणि पडदा आणला. साहेबाला पोहे खाऊ घातले आणि नवं लुगडं नेसून, दारात उभी राहून फोटो काढून घेतला.

मी कपाळावर हात मारला. घर पडायला आलंय ते दाखवायचं होतं ना, असं तिला विचारलं.

"दारात परका माणूस येतुया, आन त्याला गबाळं दावायचं व्हय?" आत्या म्हणाली. "माझी आय सांगायची, बाबासाहेबांनी बायांना सांगितलंय, नेटकं ऱ्हावा. या वस्तीला लोकांनी लई वर्सं घाण म्हनून घेतलंय. माझ्या घराला मी न्हाई म्हनू देनार."

मी तिच्यावर चिडले होते आणि तिचं खरंही होतं, आणि त्यामुळे मी आणखीच चिडले. व्हायचं तेच झालं. ‘घर सुस्थितीत’ असा शेरा मारून तिचं नाव परत आलं.

त्यानंतरच्या माझ्या फेऱ्यांबद्दल न बोललेलंच बरं. तालुक्याचं ऑफिस म्हणे, ग्रामपंचायतीने पुन्हा कळवावं. ग्रामसेवक म्हणे, आम्ही कळवलंय, तिथं विचारा. तिथं विचारलं तर कळवलेलं सापडेना. सरपंच जयवंतराव म्हणाले, ताई, उगाच घाई कशाला, पुढच्या वेळी बघू. पुढच्या वेळेपर्यंत थांब असं भिंतीला कोणी सांगायचं, हे मात्र त्यांनी सांगितलं नाही.

शेवटी मीच मनीषला गाठलं. पोरगा भला होता. मागे जाऊन भिंत बघायला हवी होती, पण म्हातारीने पोह्यांवरून उठूच दिलं नाही, असं म्हणाला. अचानक पाहणीला यायचं त्याने कबूल केलं. ही गोष्ट मी फक्त ग्रामसेवकाला सांगितली, कारण त्याची सही लागणार होती. त्या शहाण्याने रात्री गावाच्या ग्रुपवर टाकलं: ‘उद्या सकाळी घरकुल पाहणी. लाभार्थ्यांनी घरी थांबावे.’

सकाळी मी पळतच गेले. अंगण ओलं, चुना ताजा, दाराला तोच पडदा, चुलीवर पोहे, आत्याच्या अंगावर तेच नवं लुगडं. आत मागच्या भिंतीवरही एक चादर ताणून बसवलेली. बाहेर मनीषची मोटारसायकल थांबली आणि माझा तोल गेला. मी चादर ओढली. चादरीमागे भिंतीच्या भगदाडात आत्याने गोणपाट कोंबले होते, तेही उपसले. त्यांच्यासोबत मातीचा मोठा पोपडा सुटून खाली आला आणि घरातून मागचं भाताचं खाचर दिसायला लागलं.

मी आत्याचा दंड धरून तिला त्या भगदाडापाशी उभं केलं. मनीषने फोटो काढला.

"साहेब, ह्यो फोटू कुनाला दावू नका," ती म्हणाली.

मनीष म्हणाला, ऑफिसाबाहेर जाणार नाही, आजी. मीही तिला तसाच शब्द दिला.

घरकुल मंजूर झालं. जुनं घर उतरवलं, पाया खणला, आणि तोवर राहायला आत्याने शेजारी बांबूची झोपडी उभारली. वर तोच फाटका कागद. सगळं मार्गी लागलं असं वाटत होतं.

आणि एके दिवशी कामावरून येताना एसटीच्या थांब्यावर मला भलामोठा फ्लेक्स दिसला. ‘ग्रामपंचायतीची वचनपूर्ती’. वर हात जोडलेले जयवंतराव, बाजूला ओळीने आम्ही सगळे सदस्य, त्यात हसणारी मी. आणि मधोमध माणसाएवढी चांगुणाआत्या, नव्या लुगड्यात, भगदाडापाशी, मान खाली घालून. दोन बाया थांब्यावर उभ्या राहून तो बघत होत्या.

मी जयवंतरावांना फोन लावला. लोकांना काम दिसायला नको का, असं ते म्हणाले. फोटो कुठून मिळाला विचारलं, तर म्हणाले, ऑफिसातून मागवून घेतला, त्यात काय एवढं. मी फोन बंद केला, समोरच्या दुकानातून विळा मागून आणला आणि फ्लेक्सच्या चारही दोऱ्या कापल्या. दुकानदार बघत राहिला. जयवंतरावांना काय सांगायचं ते उद्या बघू.

गुंडाळी खांद्यावर टाकून मी आत्याच्या झोपडीपाशी आले. वरचा कागद गळत होता, त्यावर हा फ्लेक्स चांगला बसला असता. तिला न दाखवताच छापलेली बाजू खाली करून वर टाकावा, असं मनात होतं. पण मी छपराला हात घालायच्या आत ती बाहेर आली आणि गुंडाळीचं टोक तिने उलगडलं. थोडं उलगडलं, मग आणखी थोडं. भगदाडापाशी उभी असलेली ती स्वतः समोर आली. मला मान वर करता येईना.

मग तिने बादली आणि साबण आणला.

"असाच नगं टाकू," ती म्हणाली. "लई धूळ बसलीया. धर त्या टोकाला, आदी धुवून घिऊ."