लाल ठिपक्याचा सत्कार

चेन्नईतल्या मैलापूरच्या मराठी मंडळात वेताची एक खुर्ची होती. ज्याचं घराणं या मुलखात सगळ्यांत आधी आलं, त्यानं तिच्यावर बसायचं आणि पाहुण्याला शाल घालायची, अशी रीत. बावीस वर्षं तिथं व्यासराज बसत आणि दर वेळी मांडी का खाजते, या कोड्यात पडत. आपले पूर्वज तंजावरच्या राजांबरोबर आले, असं ते सांगत, आणि पुरावा म्हणून डोक्यावरची विटकी लाल पगडी दाखवत. इतकी जुनाट पगडी पाहिल्यावर शंका कोण घेणार?

त्या रविवारी सत्कार त्यांच्या नातीचाच होता. रंजनी अवकाशातल्या दुर्बिणीकडून येणारी माहिती तपासायचं काम करी. एका छायाचित्रात तिला लाल ठिपका सापडला होता. विश्वातली सर्वांत जुनी दीर्घिका असावी, असा अंदाज. मंडळानं ‘असावी’ तेवढं गाळलं आणि फलक छापला.

कार्यक्रमाला तासभर उरला असताना रंजनी धापा टाकत आली. “आजोबा, घोटाळा झाला. ठिपक्याचा वर्णपट आला.”

“म्हणजे काय झालं?”

“प्रकाश फोडून बघितला. फार लांबून येणारा प्रकाश ताणला जाऊन लाल होतो, म्हणून आम्ही तिला सर्वांत जुनी धरलं. पण धुळीनंही लाल दिसतं. ही धुळीनं माखलेली निघाली. प्रकाश साडेतेराशे कोटी वर्षांपूर्वीचा नाही, साडेबाराशेच.”

“अगं, मग जुनीच की! आज गप्प राहा. पुढच्या महिन्यात सांग.”

“आज खोटी शाल घेतली तर उद्या माझा आकडा कोण मानेल?”

व्यासराजांनी नुसती पगडी सारखी केली.

रंजनीनं मंचावर सगळं सांगून टाकलं. अध्यक्ष सुधींद्र बँकेतून निवृत्त झालेले; त्यांनी झटकन माईक ओढला. “शंभर कोटींनी काय बिघडतं? आपल्याला तीच पहिली! टाळ्या! व्यासराजराव, शाल घाला.”

तेवढ्यात सहाव्या रांगेतून कामाक्षीअक्का बोलल्या. अक्का तंजावरच्या, राजांबरोबर आलेल्या मराठी घराण्यातल्या. त्यांची मराठी पुण्याकडच्या मंडळींना कळत नसे, म्हणून त्यांना कधी कुणी काही विचारलं नव्हतं. या वेळी मात्र सगळ्यांना कळलं.

“पोरीनं आपलं सांगितलं. आता त्या पगडीचा वर्णपट काढा!”

हशा पिकला. व्यासराज शाल घेऊन उभेच राहिले. समोर नात मान खाली घालून उभी होती. त्यांनी पगडी काढली.

“ही नाटकाच्या कपड्यांच्या दुकानातली,” ते म्हणाले. “आमचे आजोबा सोलापूरहून आले. रेल्वेत नोकरीला.”

मग त्यांनी रंजनीला शाल घातली आणि म्हणाले, “ही खरं बोलल्याची.” खाली उतरून ते अक्कांपुढे गेले आणि खुर्चीकडे हात केला. “या, बसा. मान तुमचा.”

“अय्यो, नको रे अप्पा!” अक्का मागे सरकल्या. “ती आमच्याच घरची खुर्ची. ढेकूण झाले म्हणून मंडळाला दिली.”

बावीस वर्षांचं कोडं सुटलं. व्यासराज मांडी खाजवत सातव्या रांगेत जाऊन बसले.