हुकमाची सरळ रेघ

ताडेया हुमारची नोकरी दर डिसेंबरात मरायची आणि जानेवारीत पुन्हा जन्माला यायची. विपावाच्या खोऱ्यातल्या त्या संशोधन संस्थेत ती शास्त्रज्ञ होती खरी, पण वर्षाच्या बोलीवर; आणि वर्षाच्या बोलीवरच्या माणसाला बँक घरासाठी कर्ज सोडाच, नीट बसायला खुर्चीही देत नाही. चाळिशी उलटली तरी बाई आईच्या दोन खोल्यांत राहत होती. यंदा मात्र डायरेक्टर ब्रेत्सेल यांनी शब्द दिला होता. मंत्रालयाच्या समितीला सरळ रेघ दाखवायची, कायमची ऑर्डर त्याच दिवशी हातात.

ही रेघ होती चुंबकाची. नव्या चुंबकाला जेवढा विद्युतप्रवाह घ्यायला सांगू तेवढाच तो घेईल, असं संस्थेने अनुदान मिळवताना लिहून दिलं होतं. लिहून देताना चुंबकाला कोणी विचारलं नव्हतं. तो निघाला अडेलतट्टू. कमी सांगितलं की जास्त घ्यायचा, जास्त सांगितलं की रुसून बसायचा.

ताडेयाने त्याची परीक्षा संगणकावर सोपवली होती. एक तक्ता भरायचा: कोणती सेटिंग बदलायची, कुठून कुठवर, दर टप्प्याला किती थांबायचं, आणि शेवटच्या रकान्यात, कोणतं मोजमाप नोंदवायचं. मग माणसाने खुशाल जेवायला जावं, यंत्र आपलं आपण सेटिंग बदलत आणि आकडे टिपत बसतं. महिनाभर रोज आलेख यायचा तो कोंबडीने उकरल्यासारखा.

बुधवारी डायरेक्टर तिच्या डोक्यावर उभे राहून बडबडत होते, पोटात कावळे ओरडत होते, आणि त्या गडबडीत तिने तक्ता नव्याने भरला. कँटीनमधून आंबट कोबीचं सूप पिऊन परत आली तो पडद्यावर पट्टीने आखल्यासारखी रेघ!

"मी म्हणत नव्हतो? बघ, बघ, लेकराला अक्कल आली!" डायरेक्टरांनी तिचे दोन्ही गाल चुंबले, भर दुपारी वाइन उघडली आणि रेघ फ्रेम करायला पाठवली.

दुसऱ्या दिवशी समिती यायच्या आधी ताडेयाने सहज तक्ता उघडला. शेवटच्या रकान्यात तिने प्रवाहमापकाचं नाव टाकायच्या ऐवजी सेटिंगचंच नाव टाकलं होतं. यंत्राने हुकूम सोडला होता आणि तोच हुकूम मोजमाप म्हणून नोंदवला होता.

चुंबकाकडे पाहिलं, तर त्याला प्रवाह पुरवणारी वीजपेटीही जागेवर नव्हती. ताडेया धावत इलेक्ट्रिशियन राय्को लेबानकडे गेली. "चुंबकाची वीजपेटी कुठंय रे?"

"मंगळवारीच काढली की. पंखा जळालाय तिचा. तुमच्या साहेबांनी तिच्यावर टेबलक्लॉथ घातलाय, पाहुण्यांच्या कॉफीसाठी."

म्हणजे चुंबक बंद होता तेव्हाच सगळ्यांत आज्ञाधारक होता. ताडेया डायरेक्टरांकडे गेली.

"साहेब, काल चुंबक बंद होता."

"बंद असून इतका छान चालला? मग चालू असता तर!"

"साहेब, तो चाललाच नाही."

डायरेक्टरांनी दार लावलं. "हे बघ ताडेया, समिती जिना चढतेय. तुझी ऑर्डर माझ्या खिशात आहे, सही करून. आता तोंडाला कुलूप."

समितीच्या अध्यक्षा माग्दालेना कोबाल. सोबत दोन गृहस्थ होते, ते फक्त खात होते. कॉफी झाल्यावर बाई म्हणाल्या, "फ्रेम नको. आमच्यासमोर करून दाखवा."

ताडेया तक्त्यापुढे बसली. शेवटचा रकाना तसाच ठेवला की घर, बदलला की आईच्या दोन खोल्या. तिला भीती वाटत होती, आणि भीती वाटते याची लाजही. तिने शेवटचा रकाना पुसला, खऱ्या मापकाचं नाव लिहिलं आणि यंत्र सुरू केलं. पडद्याच्या तळाशी एक आडवी रेघ सरकू लागली.

"ही शून्यावर आहे का?" बाईंनी चष्मा लावला.

"हो मॅडम. चुंबक बंद आहे. त्याची वीजपेटी म्हणजे तुम्ही आत्ता जिच्यावर कॉफी प्यायलात ती. फ्रेममधली रेघ माझ्या हुकमाची आहे, चुंबकाची नव्हे. चूक माझी."

डायरेक्टर छताकडे पाहू लागले. कोबालबाईंनी फाइल काढली, बोट फिरवलं, एका ओळीवर थांबवलं.

"इथे लिहिलंय, रेघ सरळ हवी. किती उंचीवर, ते कुठेच लिहिलेलं नाही." त्यांनी मान कलती करून पडद्याकडे पाहिलं. "ही सरळ आहे."

"कालच्यापेक्षा सरळ, मॅडम!" डायरेक्टरांच्या जिवात जीव आला.

"विजेचाही खर्च नाही," खाणाऱ्यांपैकी एक जण पहिल्यांदाच बोलला.

"पण मॅडम, चुंबक..." ताडेया म्हणाली.

"मुली, मी उभा जन्म मंत्रालयात हुकूम सोडले. सुटला की काम झालं, अशीच नोंद करतो आम्ही. पुढे काय घडलं ते मोजायला अजून कोणी बसलं नाही. प्रामाणिक आहेस, अशी माणसं कायम हवीत." आणि त्यांनी सही ठोकली.

डायरेक्टरांनी खिशातली ऑर्डर दोन्ही हातांनी पुढे केली. "घे बाई. निवृत्तीपर्यंत आता तुला इथून कोणी हलवू शकत नाही."

ताडेयाने ती घेतली. खरं बोलल्याबद्दल हाकलतील, याची तिने मनाची तयारी केली होती. खरं ऐकूनही कोणाच्या कपाळावर साधी आठी पडणार नाही, याची केली नव्हती. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, तेव्हा डायरेक्टर हळूच कोबालबाईंना म्हणाले, "बिचारी! फार वाट पाहिली हो तिने."